मिस्टर सिंग यांचं आडनाव

"नीलिमा, तुझ्या देशातला पेशंट आलाय. बेड नाइन. मिस्टर सिंग."

हँडओव्हर संपता संपता चार्ज नर्सने सांगितलं आणि कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. नीलिमाने मान हलवली. सलग सहावी ड्यूटी होती. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पडद्याआड कुणी पगडीवाले सरदारजी असतील, निदान दोन वाक्यं हिंदीत बोलता येतील, असं वाटून तिला थोडं बरंही वाटलं.

पडदा सरकवला तर आत एक चिनी म्हातारा होता. शेलाटा, उन्हाने रापलेला, नखांच्या कडांत मातीची काळी रेघ बसलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडलेला.

हसायला हवं होतं, पण तिला हसू आलं नाही. तिने त्यांची नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, उशी नीट केली आणि मराठीतच म्हणाली, "बरं आहे, मिस्टर सिंग. चुकीच्या देशात टाकलंय तुम्हाला."

हॅमिल्टनमधलं ते लहानसं हॉस्पिटल होतं. पक्षाघाताचे, कंबर मोडलेले, घरी जाण्याइतके बरे न झालेले असे म्हातारे पेशंट तिथे यायचे. नीलिमाला तिथे लागून वर्ष होत आलं होतं. तिचा नवरा जगदीश पुण्यात फार्मासिस्ट होता. इथे त्याला बोर्डाची परीक्षा दिल्याशिवाय काउंटरमागे उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो ऑकलंडला पेनरोजच्या एका डेपोत औषधांची खोकी ट्रकवर चढवत होता. आठवडाभर तिकडेच चार पोरांच्या फ्लॅटवर राहायचा, शुक्रवारी गाडी हाकत हॅमिल्टनला यायचा आणि जेवता जेवता झोपायचा. मुलगी श्रुती नऊ वर्षांची. आई मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि त्यावरून भांडायची ताकद दोघींतल्या कुणातच उरलेली नव्हती.

मिस्टर सिंग शहराबाहेरच्या भाजीच्या मळ्याचे मालक होते. सत्तर वर्षं न्यूझीलंडमध्ये काढलेली. पण झटक्याने त्यांचं इंग्रजी पार पुसून टाकलं होतं. उरली होती ती कँटनकडच्या गावाची बोली, तीही जड जिभेची. हॉस्पिटलने एकदा दुभाषा बोलावला. तो पाच मिनिटं बसला आणि खांदे उडवून गेला. ही बोली त्याची नव्हती.

मुलगी रोज दुपारी यायची. तिचं नाव मेविस. पन्नाशी ओलांडलेली, आखूड केसांची, दाराशी गमबूट काढून मोज्यांवर आत येणारी. बापाशेजारी बसून ती संत्रं सोलायची.

"काय म्हणतात?" नीलिमाने एकदा विचारलं.

"अर्धं कळतं," मेविस म्हणाली. "आई होती तेव्हा ती मधे असायची. डॅड तिच्याशी बोलायचे, ती माझ्याशी अर्धं इंग्रजी, अर्धं चिनी बोलायची. आता मधलं माणूसच नाही. आणि आता तर जीभही वळत नाही त्यांची."

आठवडाभराने एक नवीनच सुरू झालं. मिस्टर सिंग डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरवू लागले. आडवं, उभं, तिरकं. थांबायचे आणि पुन्हा तेच. कुणी हात धरला तर चिडून सोडवून घ्यायचे. संध्याकाळच्या नर्सने चार्टवर 'अस्वस्थ' असं लिहिलं, डॉक्टरांनी शांत करायची गोळी दिली. गोळीने ते दुपारी पेंगायचे, जाग आली की बोट पुन्हा सुरू व्हायचं.

नीलिमा त्यांना स्पंज करत होती तेव्हा तिचं लक्ष गेलं. बोट वाटेल तसं फिरत नव्हतं. दर वेळी डावीकडे तीन छोटे फटकारे, मग उजवीकडे आडव्या रेघा. क्रम चुकत नव्हता. गिरवायला बसलेली श्रुती तिला आठवली. श्री काढताना प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून सुरुवात करायची.

"हे लिहितायत," ती स्वतःशीच म्हणाली.

*

नीलिमाच्या घराशेजारच्या युनिटमध्ये लिन राहायची. चीनमधल्या शिआनची. दूध पावडरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. नवरा मुलीला घेऊन तिकडेच; कागदपत्रं झाली की येणार, असं ती दोन वर्षं सांगत होती. नीलिमाची दुपारची ड्यूटी असली की श्रुती लिनकडे थांबायची. त्या बदल्यात काही द्यायचं-घ्यायचं नव्हतं, पण उपमा इकडून तिकडे जायचा आणि उकडलेले डंपलिंग तिकडून इकडे. दोघी इंग्रजीत बोलायच्या, दोघींचंही इंग्रजी उसनं, त्यामुळे कुणाला लाज नव्हती.

"मी येऊन काय करू?" लिन म्हणाली. ती कपडे वाळत घालत होती. "ते दक्षिणेचे. त्यांचं बोलणं मला अजिबात कळणार नाही. तुला तमिळ कळतं?"

"नाही."

"तेच."

"पण ते बोलत नाहीयेत. लिहितायत."

लिनने हातातला टॉवेल तसाच धरला. "लिहिलेलं कळेल," ती म्हणाली. "बोली शंभर आहेत, अक्षर एक. आमच्याकडे एक सम्राट होता, दोन हजार वर्षांपूर्वी. सगळी राज्यं जिंकली आणि सगळ्यांची अक्षरं एक केली. फार माणसं मारली त्याने, पुस्तकंही जाळली. आमच्या घरापासून बसने गेलं की त्याचं थडगं." तिने टॉवेलला चिमटा लावला. "शाळेची सहल दरवर्षी तिकडेच. कंटाळा यायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅबमधून थेट आली. डोळ्यांखाली काळं, केसांना जाळीच्या टोपीचा वळ. मिस्टर सिंग जागे होते, बोट चालू होतं. समोरून अक्षर उलटं दिसत होतं, म्हणून लिन पलंगाच्या डोक्याशी जाऊन त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. मेविस संत्रं हातात धरून बसली होती.

एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लिनचे ओठ हलले.

"छिंग मिंग," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. उच्चार त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग लिन पुढे आली, त्यांचा डावा तळहात उघडला आणि आपल्या बोटाने तीच दोन अक्षरं त्यावर काढली.

बोट थांबलं. मिस्टर सिंगनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. मग त्यांनी तिचं बोट मुठीत धरलं आणि सोडेचनात. लिन तशीच वाकून उभी राहिली. वाकून वाकून तिची पाठ भरून आली असावी, पण तिने हात ओढून घेतला नाही.

"सण आहे," तिने इकडे न बघताच सांगितलं. "पितरांचा. त्या दिवशी थडगी झाडायची, गवत काढायचं, जेवण ठेवायचं. पुढच्या गुरुवारी आहे."

"आमच्यात पितृपक्ष असतो," नीलिमा म्हणाली.

मिस्टर सिंगनी बोट सोडलं आणि चादरीवर पुन्हा लिहिलं. या वेळी एकच अक्षर. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"गवत," लिनने वाचलं. "गवत. गवत वाढलं असेल, म्हणतायत."

मेविसने संत्रं बशीत ठेवलं. "ओह, डॅड," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसली.

*

बाहेरच्या व्हरांड्यात चहाच्या मशीनपाशी मेविसने सगळं सांगितलं. दरवर्षी ईस्टरच्या सुमाराला डॅड त्यांची जुनी यूट, मळ्यावरची उघड्या हौद्याची गाडी, काढायचे, खुरपं आणि कोंबडी घेऊन तेआवामुटूच्या रस्त्याला एका लहानशा दफनभूमीत जायचे. आईची कबर शहरातल्या मोठ्या दफनभूमीत आहे, तिकडे सगळेच जातात. पण हे कोपऱ्यातले सात दगड वेगळे. जुन्या मळेवाल्यांचे. एकटे राहिले, एकटे मेले.

"त्या काळात चिनी माणसांना इथे बायका आणू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "माझी आई आली ती लढाई पेटली म्हणून, निर्वासित म्हणून. बाकीच्यांचं जमलं नाही. पुढे तिकडे राज्य बदललं, परतीची वाटही बंद झाली. त्याच्याही आधी म्हणे हाडं गावी पाठवायचे. मग हाडं नेणारं एक जहाज बुडालं, आणि तेही थांबलं. मी लहान असताना हे म्हातारे आमच्या किचनमध्ये बसायचे. मी सगळ्यांना अंकल म्हणायचे. नात्याचं कुणी नाही त्यातलं. आणि आता ब्रॉकोली तोडायला आलीय, दोन माणसं सोडून गेलीयत, मी पहाटेपासून उभी आहे. परक्या माणसांचं गवत काढायला कधी जाऊ मी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त शीण होता. नीलिमाला तो आवाज ओळखीचा वाटला. गेल्या जुलैत पुण्याहून भावाचा, गुरुनाथचा फोन आला तेव्हा ती याच आवाजात बोलली होती. वडील, काशिनाथराव, दुपारी पेपर वाचता वाचता गेले होते. तिचा पासपोर्ट इमिग्रेशनमध्ये अडकला होता. निघता आलं नाही. गुरुनाथने सगळं नीट केलं. तिने दुसऱ्या दिवशी ड्यूटी केली.

"मी येते," ती म्हणाली. "गुरुवारी माझी सुट्टी आहे."

मेविसने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला हे ऐकायचंच नव्हतं.

मिस्टर सिंगना न्यायचा विचार डॉक्टरांनी लगेच मोडून काढला. छातीत कफ साठायला लागला होता, ताप येत-जात होता. गोळी मात्र त्यांनी बंद केली. बोट का फिरतंय हे कळल्यावर ते जरा ओशाळले होते.

बुधवारी जगदीशचा फोन आला.

"एकच तर सुट्टी मिळते तुला. झोप ना," तो म्हणाला. मागे फ्लॅटमधल्या टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"झोपून जात नाही रे हा थकवा."

"पण त्या लोकांच्या स्मशानात तुझं काय काम?"

"मेविसला उदबत्त्या सापडत नाहीयेत," ती म्हणाली. "आपल्याकडे आहेत."

जगदीश हसला. मग म्हणाला, "स्वेटर घाल. तिकडे वारं असतं."

*

आणि वारं होतंच. एप्रिलमधली सकाळ, पानं पिवळी पडायला लागलेली. चीनमध्ये हा वसंतातला सण, लिन म्हणाली, पीच फुललेली असतात, मुलं पतंग उडवतात. इथे ऋतू उलटे. मेविसने यूटमधून दोन खुरपी, कात्री, पाण्याचा कॅन आणि सुपरमार्केटमधली भाजलेली कोंबडी काढली.

"अख्खी, डोक्यासकट लागते," ती म्हणाली. "डोक्यासकट कुठून आणू?"

"चालेल," लिन म्हणाली. "मलाही नीट माहीत नाही."

"म्हणजे?" मेविस थांबली. "तू तर तिथलीच ना?"

"मी सहा वर्षांची होते तेव्हा दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरं गल्लीत आली. जुनं सगळं मोडायचं, असा हुकूम होता. आजोबांनी ती यायच्या आधीच घरातली पितरांची पाटी आणि पुस्तकं चुलीत घातली. स्वतःच्या हाताने. त्यानंतर आमच्याकडे हा दिवस झाला नाही. आता लोक पुन्हा करतात म्हणे. मी पाहिलेलं नाही." तिने खुरपं उचललं. "हे सगळं तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

गवत खरंच वाढलं होतं. किकुयू गवत, मुळं दोरखंडासारखी, दगडांना विळखा घातलेली. तिघी गुडघ्यांवर बसून ओढू लागल्या. नीलिमाची कंबर दुखत होती, पण वॉर्डमधल्या दुखण्यापेक्षा हे दुखणं वेगळं होतं. ओढलं की गवत निघत होतं आणि निघालेलं दिसत होतं.

दगडांवर वरती इंग्रजी होतं. चार्ली यंग. अह की. टॉमी लम. खाली चिनी अक्षरांची उभी ओळ, शेवाळाने बुजलेली. मेविसने त्यावर ब्रश फिरवला, लिनने पाणी ओतलं. पहिल्या दगडावरची ओळ लिनने वाचली. दुसऱ्यापाशी ती परत पहिल्याकडे गेली. तिसरा धुऊन झाल्यावर ती टाचांवर बसली.

"मेविस, तुमचं आडनाव सिंग नाही ना?"

"नाही. ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. डॅड बोटीतून उतरले तेव्हा कस्टमवाल्याने नावाचा शेवटचा तुकडा आडनाव म्हणून लिहून घेतला. चिनी लोक आडनाव आधी सांगतात, त्याला काय कळणार. खरं क्वोक. क्वोक विंग सिंग."

"आम्ही ते क्वो वाचतो." लिनने पहिल्या दगडावरच्या वरच्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे बघा. क्वो." दुसऱ्यावर ठेवलं. "क्वो." तिसऱ्यावर. "क्वो. हा चार्ली यंग नाही. अह कीसुद्धा नाही. हे तिघेही क्वोक आहेत."

मेविसने डोळे बारीक केले. तिला अक्षरं येत नव्हती. लिनला त्या बोलीतले उच्चार येत नव्हते.

"आणि दुसरं अक्षर. या तिघांचं एकच. योंग," लिनने आपल्या पद्धतीने म्हटलं. "चिरकाल, कायमचं, असा अर्थ. हे अक्षर मला आजोबांनी शिकवलं होतं, अंगणातल्या फरशीवर, ब्रश पाण्यात बुडवून. या एका अक्षरात सगळ्या तऱ्हेच्या रेघा येतात, म्हणून मुलांना आधी हेच देतात. तुमच्या बोलीत कसं म्हणतात?"

"माहीत नाही... कायमचं... विंग?" मेविस म्हणाली आणि थबकली. "क्वोक विंग सिंग."

"हो. तेच अक्षर." लिन आता भरभर बोलू लागली. "जुन्या कुळांची एक कविता असते. कुणा पूर्वजाने शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवलेली. तिच्यातला एक एक शब्द एका एका पिढीला. त्या पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात तो मधे येतो. म्हणजे जगात कुठेही दोन क्वोक भेटले, तर नावावरून कळतं, हा माझ्या बापाच्या पिढीतला की माझ्या. हे तिघे तुमच्या वडिलांचे भाऊ. सख्खे नसतील, चुलत, चुलत-चुलत, पण भाऊच."

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," मेविस म्हणाली. तिचा आवाज चढला. "छप्पन्न वर्षांची आहे मी! एकदाही नाही!"

वारं आलं, कागदी पिशवी उडाली. नीलिमाने ती पायाने दाबली.

"तुम्ही त्यांना अंकल म्हणायचा," ती म्हणाली. "इंग्रजीत. पण घरी चिनीत काय म्हणायचा? आमच्यात एकच अंकल नसतो. काका वेगळा, मामा वेगळा, आत्याचा नवरा वेगळा. हाक मारली की नातं कळतंच."

मेविस आठवत राहिली. तिची नजर दगडावर होती, पण ती कुठल्यातरी जुन्या किचनमध्ये गेली असावी.

"चार्ली... त्याला आम्ही बाक म्हणायचो," ती हळूहळू म्हणाली. "या बाकीच्या दोघांना सुक. वाटेल तसं म्हणून चालायचं नाही. चुकलं की आई डोक्यात टपली मारायची."

"बाक म्हणजे बापाचा थोरला भाऊ," लिन म्हणाली. "आमच्या भाषेतही जवळजवळ तोच शब्द. सुक म्हणजे धाकटा. मग सांगितलंच होतं की त्यांनी. रोज सांगत होते."

मेविस जमिनीवर बसली, ओल्या मातीत, पाय पसरून. रडली नाही. हातांची माती झाडली आणि म्हणाली, "काय दमलेय मी." आणि तिथेच तिला थोडं हसू फुटलं. "मला नाही मिळाला आमच्या पिढीचा मधला शब्द. भावाला होता."

"मुलींना देत नाहीत," लिन म्हणाली. "माझ्याही नावात नाही."

उरलेले चार दगड त्यांनी धुतले. त्यातले दोघे मेविसच्या आजोबांच्या पिढीचे निघाले, मधलं अक्षर निराळं, तिला ठाऊक असलेल्या आजोबांच्या नावातलं. एकाचं आडनावच वेगळं होतं आणि एकाची अक्षरं पावसाने इतकी झिजली होती, की लिनने त्यांवर बोट फिरवून फिरवून शेवटी मान हलवली. प्रत्येक नाव लिन आधी अर्थाने सांगायची: धान्य, डोंगर, उपकार. मेविस डोळे मिटून तो शब्द आईच्या आवाजात शोधायची आणि उच्चारायची. कधी लगेच सापडायचा, कधी नाही. सापडला की मेविस ते पूर्ण नाव मोठ्याने घ्यायची.

मग कोंबडी ठेवली, संत्री ठेवली, थर्मासमधला चहा छोट्या कपांत ओतला. उदबत्त्या प्रत्येकी तीन. मोगऱ्याचा वास पसरला. लिनला शिंक आली. तिघींनी तीन वेळा वाकून नमस्कार केला. नीलिमाने कमरेवर हात ठेवून, सावकाश.

झिजलेल्या दगडापाशी चहा ओतायचा राहिला होता. नीलिमाने तो ओतला. तर्पण करताना शेवटचं पाणी ज्यांना आई नाही, बाप नाही, गोत्र माहीत नाही, अशांनाही देतात, हे तिला गुरुजींनी लहानपणी सांगितलं होतं. वडील धोतर नेसून बसायचे, ती तांब्या धरायची. त्यांचं नाव जिभेवर आलं, पण तिने ते घेतलं नाही. ही जागा त्यांची नव्हती. कप रिकामा करून ती उठली.

कोंबडी तिघींनी तिथेच खाल्ली, हातांनी. लिन म्हणाली, असंच करतात, पितरांच्या बरोबर बसून जेवतात, एवढं मात्र तिला पक्कं आठवत होतं. नीलिमा मांसाहार क्वचितच करायची. त्या दिवशी तिने दोन तुकडे खाल्ले.

*

हॉस्पिटलला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मिस्टर सिंग ऑक्सिजनवर होते, डोळे अर्धे मिटलेले. मेविस मोज्यांवर आत गेली. मोजे चिखलाने भरले होते, फरशीवर ठसे उमटले. कुणी तिला अडवलं नाही.

तिने बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगू लागली. नीलिमाला एवढंच कळत होतं की ती नावं घेतेय. क्वोक विंग अमुक. क्वोक विंग तमुक. आधी बाक, मग सुक. चौथ्या नावाला म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. ऑक्सिजनच्या मास्कखाली ओठ हलले.

"काय?" मेविसने मास्क थोडा उचलला.

त्यांनी तोच शब्द म्हटला, जरा वेगळ्या हेलात. मेविसने तसा म्हणून पाहिला. त्यांनी पुन्हा म्हटला, अगदी चिडून. तिने पुन्हा म्हटला. मग त्यांनी डोळे मिटले.

"हेल चुकला होता माझा," मेविस वळून म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "हेल चुकला की अर्थ बदलतो. मी त्याला काहीतरी भाजी म्हटलं वाटतं."

लिन दारातच उभी होती. ती आत आली नाही. भिंतीला टेकून तिने डोळे मिटून घेतले होते. नीलिमाला वाटलं झोपली. घरी जाताना गाडीत ती अचानक म्हणाली, "आमच्याही कुळाची कविता असणार. आईला विचारते."

"तिला माहीत असेल?"

"नसेल. जळलं ना सगळं."

शुक्रवारी संध्याकाळी जगदीश आला. बोटांना चिकटपट्ट्या, खोक्यांनी कापलेली. त्याने श्रुतीला उचललं, पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "कसं झालं?" नीलिमा सांगू लागली. आधी दगडांचं, मग कोंबडीचं, मग तिचं तिलाच कळलं नाही, पण ती वडिलांबद्दल बोलत होती: तांब्या कसा धरायचा ते दाखवायचे, पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचे. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच. जगदीश भात पुढ्यात घेऊन ऐकत राहिला. त्या रात्री तो ताटावर झोपला नाही.

"हू इज दॅट?" श्रुतीने विचारलं.

"माझे बाबा," नीलिमा म्हणाली. "तुझे आजोबा. आईचे वडील."

"आय नो हू आजोबा इज, आई," श्रुती म्हणाली. "आय मीन द चार्ली वन."

मिस्टर सिंगनी ईस्टर पार केला. मध्ये चार-सहा दिवस बरे गेले, त्या दिवसांत लिन कामावरून येताना थांबायची आणि त्यांच्या तळहातावर काहीबाही लिहायची. तिने हवा कशी आहे ते लिहिलं की ते पिकाबद्दल लिहायचे. एकमेकांचा एकही शब्द न समजता दोघं अर्धा अर्धा तास बोलत बसायची. मे महिन्यात न्युमोनिया पुन्हा उलटला आणि एका सकाळी, नीलिमा औषधांची ट्रॉली घेऊन तिथवर पोचायच्या आत, ते गेले.

त्यांच्या थडग्याच्या दगडावरची अक्षरं लिनने लिहून दिली. शहरातल्या दगड कोरणाऱ्या माणसाने चिनी कधी कोरलं नव्हतं. लिन दोनदा जाऊन त्याला कुठली रेघ कुठे जाडी होते ते दाखवून आली. वरती इंग्रजीत, मेविसच्या हट्टाने, क्वोक लिहिलं. कंसात सिंग, कारण बँकेच्या आणि मळ्याच्या कागदांत तेच होतं.

अंत्यविधीला नीलिमा लेट शिफ्टच्या आधी युनिफॉर्मवर कोट घालून गेली. मळेवाले, शेजारचे गोरे डेअरी फार्मर, एक माओरी कुटुंब ज्यांची जमीन मळ्याला लागून होती. बरीच माणसं होती. दफन झाल्यावर फाटकापाशी मेविस प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या कागदाची पुडी ठेवत होती.

"यात एक गोड गोळी आहे," ती नीलिमाला म्हणाली. "घरी पोचायच्या आत खायची. कडू तोंडाने घरात शिरायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही, पण काल रात्री हात आपोआप पुड्या बांधत होते."

लिन गाडीत शेजारी बसली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचा फोन झाला. तिला कविता पाठ आहे. वीस शब्द. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणून दाखवली. मी म्हटलं, इतकी वर्षं का नाही सांगितलीस? तर म्हणाली, तू विचारलं नाहीस."

नीलिमाने गाडी सुरू केली. हीटरला ऊब यायला वेळ लागत होता. तिने कागद सोडवून गोळी तोंडात टाकली. बडीशेपेसारखा काहीतरी वास होता तिला. लिनला घरी सोडून हॉस्पिटलला जायचं होतं, बेड नाइनवर सकाळीच कुणी नवं आलं होतं, आणि रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे गाड्यांची रांग लागलेली होती. गोळी चघळत ती त्या रांगेत थांबून राहिली.